रबराला तेल

मी बोलतोय, पण दिसणार नाही. रेकॉर्ड प्लेयरच्या ज्या ताटलीवर रेकॉर्ड ठेवतात, तिच्याखालचं रबरी चाक मी. मोटर मला फिरवते, मी ताटलीला फिरवतो. कौतुक मात्र सगळं सुईचं! जाऊ दे.

घर मावशींचं. यजमान संध्याकाळी रेकॉर्ड लावायचे, मावशी मशीनवर कपडे शिवायच्या. ते गेले आणि घर गप्प झालं.

एकदा मावशींनी शिलाई मशीनसारखं मलाही तेल घातलं. मी लागलो घसरायला! गाणारी बाई पेंगल्यासारखी गायला लागली. मग दुरुस्तीवाला आला.

"अहो मावशी, रबराला कुणी तेल घालतं का? चाक कोरडंच हवं."

त्याने मला स्पिरिटने पुसलं, पॉलिश पेपरने घासलं. वेग तपासायला अख्खी बाजू ऐकत बसला. चहा झाला, त्याच्या गुडघेदुखीच्या गप्पा झाल्या. मावशी चक्क हसल्या. मलाच भरून आलं.

पुढे थोड्या दिवसांनी मावशींनी ताटली उचलली, दाराकडे पाहिलं आणि माझ्यावर तेलाचा थेंब सोडला. "रागावू नकोस हं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला हजर. "मावशी, परत तेल? कमाल आहे तुमची!"

"वय झालं रे, विसरते."

विसरतात कसल्या! कुठल्या गिऱ्हाइकाच्या कोटाला कुठलं बटण लावलं, तेसुद्धा त्यांना आठवतं. असं किती वेळा झालं, विचारू नका. तेल पिऊन पिऊन मी फुगत चाललो होतो, तरी तो आला की मलाही बरं वाटायचं.

परवा त्याने मला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हे गेलं कामातून," म्हणत त्याने मला काढलं आणि काम उरकून म्हणाला, "नवीन बसवलंय, आणि ताटली स्क्रूने घट्ट केलीय. आता तेल घालायची भानगडच नको. वर्षानुवर्षं मला बोलवावं लागणार नाही, बघा!"

बिचारा किती खूश होता.

"बरं झालं रे," मावशी म्हणाल्या. "अजून अर्धा कप घेतोस?"

"नको, पुढे एक काम आहे."

गाण्याच्या दोन ओळी ऐकून तो निघालासुद्धा.

आता मी बटणांच्या डब्यात पडून आहे. गाणं अगदी बिनचूक वाजतं. एक बाजू संपली की मावशी दुसरी लावत नाहीत, नुसत्या बसून राहतात. मला फार एकटं वाटतं, आणि त्यांना माझ्याहून जास्त.

तो दुरुस्तीवाला कुठे भेटला तर माझा एवढा निरोप द्या. काम चोख केलंस रे बाबा. पण एकदा काहीही बिघडलेलं नसताना ये.