गाणं थांबलं की बाहेर

कोसमटोल्यात नव्या गाड्या आल्या, फायनान्सवाल्यांनी ओढूनही नेल्या. पण मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत बायांना जंगलात न्यायला डोमाचीच जीप लागायची. जीप कसली, पत्र्याची म्हातारी होती ती. मागचं दार सुतळीने बांधलेलं, सीटमधून नारळाच्या काथ्या बाहेर आलेल्या, आणि चढ आला की उतारूंनी मुकाट उतरून चालायचं हा तिचा नियम. पण तिच्यात एक जुना टेप होता, आणि त्या टेपवर बायांचा जीव विसंबून होता. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही.

मोह पहाटे गळतो. उजाडता उजाडता वेचला नाही तर गुरं खातात, वानरं खातात, उरलेला उन्हाने वाळतो. म्हणजे बायांनी जंगलात शिरायची वेळ तीच, जी वाघाची घरी परतायची वेळ. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला बाई वाटत नाही, जनावर वाटते. आजूबाजूच्या गावांतून अशा किती गेल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी मोह वेचावा लागतोच.

म्हणून कोसमटोल्याच्या बायांनी एक रीत पाडली होती. डोमाने जीप रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि टेप मोठ्याने लावायचा. झाडीपट्टीतल्या कुठल्याशा नाटकाची गाणी होती, कुणी मंडपात बसून भरलेली. मध्येच पोर रडायचं, मध्येच टाळ्या. गाणं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक, आणि आवाज येतो तिकडे रस्ता. डोमा स्वतः पुढच्या रपट्याच्या, त्या ठेंगण्या पुलाच्या, कठड्यावर उभा राहून दोन्हीकडची झाडी न्याहाळत असे. वाघाची चाहूल लागली की धावत येऊन टेप बंद करायचा. गाणं थांबलं की बाहेर. टोपली तशीच टाकायची, हाका मारायच्या नाहीत, थेट रस्ता गाठायचा.

हॉर्न का नाही वाजवत, असं एखाद्या शहाण्याला वाटेल. त्याने एकदा त्या रस्त्यावर येऊन उभं राहावं. सूरजागडचे खनिजाचे ट्रक दिवसरात्र हॉर्न देत जातात. तिथे डोमाच्या हॉर्नला कोण विचारतो? शांतता मात्र लगेच ऐकू येते.

असा हा टेप मागच्या पावसाळ्यानंतर घरघरायला लागला आणि होळीच्या सुमारास त्याने कॅसेट गिळली. डोमा गडचिरोलीला गेला. गाड्यांची वायरिंग करणाऱ्या सूरजने त्याला स्वस्तातला टच स्क्रीनवाला डबा दाखवला. ताटलीएवढी काच, रंगीत चित्रं. डोमाचे डोळे दिपले, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही, आपलेही दिपतातच. जुन्या टेपची खाच लहान पडली म्हणून सूरजने डॅशबोर्डचा पत्रा करवतीने कापला, कानशीने घासला, वायरी जोडल्या. कॅसेट कशीबशी सोडवून तिची गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली.

"चाबी काढल्यावरबी वाजलं पायजे," डोमाने बजावलं. एवढं मात्र तो विसरला नाही.

"वाजते नं भाऊ. अन हे पाहा." सूरजने डोमाचा फोन ब्लूटूथने डब्याला जोडला आणि आपल्या फोनवरून त्यावर फोन लावला. गाणं चटकन थांबलं, काचेवर नाव उमटलं, चारही स्पीकरमधून घंटी घणघणली. "फोन आला का गाणं आपोआप बंद. तुमाले हातबी लावा लागत नाई."

"वा गा!" डोमा म्हणाला.

तिथेच त्याच्या काळजात चर्र व्हायला हवं होतं. झालं नाही. त्याच्या मनात त्या वेळी गोकुळा होती. त्याच्या बायकोला एका कानाने कमी ऐकू येई, आणि फोनमधला बारीक आवाज तर तिला कळतच नसे. पोरगी आचल नागपूरच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकत होती. ती बोलायची ते डोमा ऐकायचा आणि ओरडून गोकुळाला सांगायचा. आता पोरीचा आवाज जीपभर होणार होता. जुना टेप त्याने सीटखाली टाकून दिला.

मोह गळायला लागला. पहिल्या दिवशी बाया झाडाखाली पोचून थोडा वेळ झाला असेल नसेल, गाणं थांबलं. मागोमाग घंटी वाजत होती, पण ट्रकच्या हॉर्नांत ती आत कुणाला कळली नाही. बाया जीव मुठीत धरून पळत सुटल्या. गोकुळा सगळ्यात शेवटी आली, तिचा मोह सगळ्यात आत, ओढ्यापल्याड होता. येऊन पाहतात तर वाघ नाही, काही नाही. गाणं थांबलं म्हणून डोमाच रपट्यावरून धावत येऊन फोन घेत होता. काचेवर भलंमोठं नाव, 'आचल', आणि स्पीकरमधून पोरीचा आवाज, "हॅलो बाबा? रातपाळी सुटली माझी. आई आहे का?"

गोकुळा दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी राहिली. "ऐकू येऊन राह्यलं," ती म्हणाली. "मले सगळं ऐकू येऊन राह्यलं वं, आचल!"

रागावलेल्या बाया हसायला लागल्या. सगळ्या आचलशी बोलल्या. फोन कटला तसं गाणं आपलं आपण पुन्हा सुरू झालं. बोलणं चालू असताना डोमाने काचेवर ते बंद केलं होतं तरी सुरू झालं, आणि त्यावरही बाया हसल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी म्हातारी सोमारी पळताना झाडाच्या मुळीत पाय अडकून पडली, घोटा सुजून टम्म झाला. बायनाबाई या सगळ्या बायांची पुढारी. तिच्या जावेला वाघाने नेलं होतं, आणि ही रीत तिनेच पाडलेली. ती हसली नाही.

"डोमा, थे डबं काढ अन जुना टेप लाव."

"थो खराब झाला नं बाई."

"मंग पोरीले सांग, मोह सरेपर्यंत सकाळी फोन करू नको. दोन डाव फुकट पळालो. तिसऱ्या डावाले बाया पळन नाई, अन थो दिवस खरा राहीन."

डोमाने मान डोलावली. संध्याकाळी अंगणात बसून त्याने आचलला फोन लावलाही. पण तो तोंड उघडायच्या आधीच पोरगी रडायला लागली. तिच्या वॉर्डातलं एक लेकरू सकाळी तिच्या हातात गेलं होतं. पाळी सुटली की खोलीवर एकटं बसवत नाही, म्हणाली, म्हणून तुम्हाला फोन करते, तेवढा वेळ बरं वाटतं. बापाने काय म्हणावं?

"करत जा बेटा," डोमा म्हणाला. "रोज करत जा."

शेजारी गोकुळा बसली होती. तिने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं की पोरीचा फोन येतच राहणार.

रात्रभर विचार करून डोमाने तोड काढली. फोन जीपमध्ये ठेवायचाच नाही. खिशात घालून रपट्यावर उभं राहायचं; तिथवर त्या डब्याची पोच नाही. फोन आला तर तिथेच बोलायचं, गाणं चालूच राहील. तोड चांगली होती. त्याने ती गोकुळाला सकाळी सांगायचं ठरवलं. पण सकाळी उठायला उशीर झाला, आणि जीपमध्ये बसताच बायनाबाईने सगळ्यांसमोर विचारलं, "सांगतलं का पोरीले?"

"सांगतलं," डोमा म्हणाला. "आता फोन येत नाई."

गोकुळाने त्याच्याकडे पाहिलं. खोटं तिला कळलं, आणि नवऱ्याने पोरीसाठी ते बोललं म्हणून ती पदराआड हसली. आता सगळ्यांसमोर तिला तोड कशी सांगणार? सांगितली की खोटं उघडं पडणार. डोमाने स्वतःची समजूत घातली की काम तर झालंच आहे, कुणाला कळलं नाही तरी काय बिघडतं. सोमारीला पाय टेकवत नव्हता, तरी घरी राहवत नाही म्हणून ती आली होती. ती जीपमध्येच बसून राहिली. बाकीच्या आत गेल्या. ओढ्याकडे वळताना गोकुळाने एकदा मागे पाहून हात केला.

तांबडं फुटलं होतं. डोमा कठड्यावर उभा होता. गाणं मागे वाजत होतं. दोन ट्रक धूळ उडवत गेले, आणि ती धूळ बसली तेव्हा पुढच्या वळणावर वाघ रस्ता ओलांडत होता. घाईत नव्हता. रस्त्याच्या मधोमध थांबला, मान वळवून पाहिलं, आणि ओढ्याच्या बाजूच्या झाडीत उतरला.

डोमा धावला. जुन्या टेपचं बटण अंधारातही हाताला लागायचं. इथे गुळगुळीत काच. एकदा बोट लावलं तर चित्र बदललं, दुसऱ्यांदा आवाज वाढला, तिसऱ्यांदा गाणं थांबलं.

बाया आल्या. एकेक करून, टोपल्या टाकून, तोंडातून शब्द न काढता. बायनाबाई आली, बुधरी आली, पुनम आली. फोन येणार नाही असं डोमाने सांगितलं होतं, तेव्हा हा वाघच, हे त्यांना पक्कं कळलं होतं. सगळ्या आल्या. गोकुळा आली नाही.

"ओढा लांब आहे, येईनच," बुधरी म्हणाली.

पण डोमाला कळून चुकलं. या सगळ्या बायांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता आणि त्या वाचल्या होत्या. एकट्या गोकुळाला त्याचा शब्द खोटा आहे हे ठाऊक होतं. गाणं थांबलं तेव्हा तिला वाटलं असणार, आचलचा फोन आला. एवढ्या फांदीखालचा मोह वेचते आणि जाते.

आता करायचं काय? गाणं लावलं तर ती समजणार, बोलणं झालं, सगळं ठीक आहे. नाही लावलं तर समजणार, बापलेकीचं बोलणं अजून चाललं आहे. काय केलं म्हणजे तिला वाघ कळेल? त्याने छाती फुटेस्तोवर हाक मारली, "गोकुळा, ये!" पाठीमागून ट्रक हॉर्न देत गेला आणि हाक त्याच्यात विरून गेली.

तेवढ्यात काच उजळली. चारही स्पीकरमधून घंटी वाजायला लागली. खिशातला फोन डोमाबरोबर जीपपाशी परत आला होता. काचेवर नाव होतं, 'आचल'.

बायांनी काचेकडे पाहिलं, मग डोमाकडे. बायनाबाईला सगळं समजायला वेळ लागला नाही.

"तू तिले सांगतलंच नव्हतं," ती म्हणाली. "अन गोकुळाले हे मालूम होतं."

डोमाने खिशातून फोन काढून सीटवर फेकला, जीपमधली कुऱ्हाड उचलली आणि धावत सुटला. मागून बाया काठ्या आपटत, ओरडत निघाल्या. रीतीत ओरडणं बसत नव्हतं, पण आता रीत कुठे राहिली होती? सोमारी तेवढी जीपमध्ये राहिली.

ओढ्यात पाणी नव्हतं. पल्याड मोहाखाली गोकुळाची टोपली उभीच होती, काठोकाठ भरलेली. एक चप्पल टोपलीजवळ, दुसरी चार हात पुढे. पानांवरून काहीतरी ओढत नेल्याची खूण करवंदीच्या जाळीकडे गेली होती. बायांच्या आरडाओरड्याने वाघ तिला टाकून निघून गेला होता. ती जाळीपाशी पालथी पडली होती. डोमाने तिला उताणं केलं, पदर तिच्या मानेवर दाबून धरला, आणि पदर भिजून त्याची बोटं भिजली तरी धरूनच बसला. तिच्या मुठीत मोहाची फुलं तशीच होती.

"सोड गा," बायनाबाई म्हणाली. "सोड आता. गेली थे."

रस्त्यावरची घंटी केव्हाच थांबली होती. आणि घंटी थांबली तसं त्या डब्याने, त्याच्या सवयीप्रमाणे, आपलं आपण गाणं लावलं होतं. हे आत्ता सगळ्यांच्या कानांवर आलं. झाडांतून सूर येत होते, मंडपातलं पोर रडत होतं, लोक टाळ्या वाजवत होते. सगळं ठीक आहे असं ते गाणं अख्ख्या जंगलाला सांगत होतं.

"बंद करा वं थे कोणी!" पुनम कानांवर हात ठेवून किंचाळली.

सोमारी बिचारी जीपमध्ये काचेवर बोटं मारत असणार. आवाज वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला. मग गाणं थांबलं. घंटी वाजली, आणि म्हातारीचं बोट कुठेतरी बरोबर पडलं.

"हॅलो?" आचलचा आवाज जंगलात आला, स्वच्छ, मोठा, चार स्पीकरमधून. "हॅलो बाबा? मंगाशी फोन काऊन नाई उचलला? आईले बोलवा नं."

डोमाच्या मांडीवर गोकुळाचं डोकं होतं.

"बाबा, आई अजून आतच आहे का?" आचलने विचारलं. "मी थांबून राह्यली. तिले सावकाश येऊ द्या."

बायनाबाईने खाली बसून गोकुळाचे पाय धरले, बुधरी आणि पुनमने कमरेखाली हात घातले, आणि त्यांनी तिला उचललं. डोमा पुढे निघाला. रस्त्यावर आचल थांबली होती, आणि तिच्याशी बोलायला त्यालाच पहिलं पोचायचं होतं.