दोन मुठींची करवत

मी एक जुनी करवत आहे. साधी नव्हे, दोन मुठींची. मित्रांनो, अशी करवत तुम्ही कदाचित पाहिली नसेल. माझं पातं पुरुषभर लांब आहे आणि दोन्ही टोकांना लाकडी मुठी आहेत. मला चालवायला समोरासमोर दोन माणसं लागतात. एकानं ओढलं की दुसऱ्यानं हात सैल सोडायचा, मग दुसऱ्यानं ओढायचं. ढकलायचं मात्र कुणीच नाही. ढकललं की माझं पातं वाकतं.

लोहारानं मला तापवून, ठोकून, पाणी देऊन घडवलं आणि लाकडाच्या एका वखारीत पाठवलं. तिथं दोन भाऊ काम करत. थोरला शांत, धाकटा तापट. पहिल्याच दिवशी थोरल्यानं माझ्या दातांवरून बोट फिरवलं. रक्ताचा थेंब आला, तर हसून म्हणाला, "बाई कडक आहे!"

पंधरा वर्षं मी त्या दोघांच्या हातांत होते. वखारीचा मालक म्हणायचा, "हे दोघं बोलतच नाहीत. यांचं सगळं बोलणं करवतीतून चालतं." खरंच होतं ते. थोरल्याचं अंग दुखत असलं की त्याचा ओढा जड होई, आणि धाकटा न सांगता वेग कमी करी. संध्याकाळी थोरला मला तेलाच्या फडक्यानं पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवी. तेवढं सुख मला पुढे कधी मिळालं नाही.

एके सकाळी दोघांचं बिनसलं. धाकट्याला दूरच्या कारखान्यात यंत्रावर काम मिळत होतं.

"तू गेलास तर दुसरी मूठ कोण धरणार?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणजे मी जन्मभर तुझ्यासमोरच उभा राहू का?"

तसेच दोघं कामाला लागले. उतारावर एक मोठा ओंडका पाचरी लावून अडवला होता. थोरला खालच्या बाजूला उभा राहिला. कापायला सुरुवात झाली आणि धाकट्यानं रागाच्या भरात मला ढकललं. एकदाच. माझं पातं कमानीसारखं वाकलं, थोरल्याचा तोल गेला, त्याचा पाय पाचरीवर आदळला, पाचर निसटली आणि ओंडका त्याच्या अंगावरून गेला.

लोक धावत आले. थोरला तिथंच गेला होता.

"झालं काय?" मालकानं विचारलं.

"पाचर निसटली," धाकटा म्हणाला.

मित्रांनो, हे खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. आणि मला दात आहेत, तोंड नाही.

धाकटा कारखान्यात गेला नाही. वखारही त्यानं सोडली. मला खांद्यावर टाकून तो भावाच्या घरी, वहिनीकडे, येऊ लागला. लाकडं कापून दे, पाणी भर, भावाच्या मुलीला शाळेत पोचव. लोक म्हणत, "दीर असावा तर असा." ते कानावर पडलं की माझ्या मुठीवरचा त्याचा हात गार पडे.

आता तो मला एकटाच चालवी. तसं चालवताना माझं मोकळं टोक लटपटायला हवं. पण ते लटपटत नसे. तो ओढून थांबे आणि समोरून कुणीतरी मला सावकाश परत ओढी. जड ओढा, अंग दुखत असल्यासारखा. भर दुपारी, लख्ख उन्हात, अंगणात दुसरं कुणी नसताना. धाकटा डोळे मिटून घेई आणि कापत राही. जळणाची गरज नसली तरी कापत राही.

असं वर्ष सरलं. एका सुट्टीच्या दिवशी मुलगी वही घेऊन त्याच्याजवळ आली.

"काका, शाळेत बाईंनी एक शब्द दिलाय. द्वैत. अर्थ लिहायचा आणि रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य."

"द्वैत म्हणजे दोनपणा. एक दिसतं, पण असतात दोन."

"म्हणजे दुटप्पी माणूस?"

"नाही गं. दुटप्पी माणूस मुद्दाम दोन तोंडांनी बोलतो. द्वैतात दोन्ही खरं असतं."

"मग सांग ना एखादं वाक्य. तुझ्या मनातलं."

वहिनी दोरीवर चादर वाळत घालत होती. त्यानं तिला हाक मारली.

"वहिनी, पाचर आपोआप नाही निसटली. मी रागानं ढकललं होतं."

चादर तिच्या हातातच राहिली. पाणी तिच्या पायांवर टपकत होतं. "तू आत जा," ती मुलीला म्हणाली. मुलगी गेली नाही.

"भाऊजी, वर्षभर तुम्ही आमच्यासाठी राबताय. मी त्याला माया समजत होते. ती माया होती, की हे होतं?"

"दोन्ही, वहिनी."

"उद्यापासून येऊ नका."

मला भिंतीला टेकवून तो निघून गेला. माझ्यावर गंज चढला, दात बोथटले. एका मुठीला वाळवी लागली. जाता-येता वहिनी माझ्याकडे पाहायची आणि मान फिरवायची. मला वाटलं, आता मी भंगारातच जाणार.

दोन वर्षांनी छपराचा वासा कुजून खचला. वहिनीनं दिवसभर बसून विटेच्या पुडीनं माझा गंज घासला, दातांना कानशीनं स्वतः धार लावली, वाळवीची मूठ बदलली आणि मग त्याला बोलवायला मुलीला पाठवलं. तो आला, दारातच उभा राहिला. केस पांढरे झाले होते.

"मी धरते एका बाजूनं," वहिनी म्हणाली.

तिचे हात कच्चे होते. काम रडतखडत झालं, पण नवा वासा चढला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही. हातावरचा भुसा झटकून ती एवढंच म्हणाली, "हात धुवून घ्या. पान वाढलंय."

तो जेवला. तो उठेपर्यंत ती वाढायला थांबली होती.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना कोरडं ठेवा, तेलाचा हात फिरवा, एवढं मागणं तर आहेच. पण कुणाची एखादी अर्धी गोष्ट तुम्ही पोटात ठेवली असेल, तर ती ज्याची आहे त्याला देऊन टाका. तो कदाचित दार लावून घेईल. लावू द्या. तुम्ही मात्र हाकेच्या अंतरावर राहा.