नव्या मापाची लग्नपत्रिका

"एवढुशा कागदावर आमचं खानदान मावंल व्हय?" लालासाहेब माझ्या कानाशीच कुरकुरले.

ते औंधहून पुतणीची लग्नपत्रिका छापायला विश्रामबागेतल्या आमच्या छापखान्यात आले होते. नवरामुलगा इथला, सांगलीचाच; त्याच्या लोकांना गावठी छपाई दिसून कसं चालेल? सोबत पुतणी विजयमाला आणि तिची आई मनुबाई. मनुबाईंचे यजमान पलटणीत होते, एकाहत्तरच्या लढाईत गेले.

विजयमालेचं म्हणणं एकच. पत्रिकेत निमंत्रक म्हणून आईचं नाव हवं, न्हाईतर ती बोहल्यावर चढत न्हाई.

"जागा न्हाई गं पोरी," लालासाहेब म्हणाले. "असती तर घातलं नसतं व्हय?"

जागेचंच अडलंय म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. आमच्याकडे नुकतेच नव्या मापाचे कागद आले होते. मी ए-पाच पुढ्यात ठेवला, शेजारी त्याच्या दुप्पट ए-चार. चार मधोमध दुमडून दाखवला, झाला पाच.

"जुना फुलस्केप दुमडला की बुटका दिसतो," मी म्हटलं. "हे मात्र सगळे भाऊ एकाच तोंडवळ्याचे."

"मग थोरलाच द्या की."

थोरल्यावर फलटणचे मामा आले, साखर कारखान्याचे संचालक आले, लग्नाला न येणारे आमदारसुद्धा आले. मनुबाई तेवढ्या राहिल्या. जागा संपली, कोण काय करणार.

मी ए-तीन उलगडला.

"पत्रिका हाय का तमाशाचं पोस्टर?" विजयमाला म्हणाली.

लालासाहेबांनी तोही मन लावून भरला. विहिरीतले भागीदार आले. अजून बोलायला न लागलेला नातू 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणत कोपऱ्यात हजर झाला. या मापांची खुबीच ही, की कागद कितीही वाढवा, प्रमाण हलत नाही. मनुबाईंचंही शून्यावरून हललं नाही.

"ह्याच्यावरचा हाय का?" लालासाहेबांनी विचारलं.

"आहे, ए-दोन. वाटायला बैलगाडी लागेल."

ते खरोखरच विचारात पडले.

मनुबाई आल्यापासून पदराचं टोक दुमडत होत्या, आधी निम्मं, मग निम्म्याचं निम्मं. ते त्यांनी सोडलं.

"भावजी, कागदाला कशाला बोल लावताय? माझ्या कपाळाला कुंकू न्हाई, म्हणून माझं नाव नगं. तेवढंच म्हणायचं हुतं न्हवं."