ओल्या कुत्र्याची रेकॉर्ड

धाकटा बेलवर बोट ठेवून उभा होता. खिडकीतून त्याला दादा स्पष्ट दिसत होता. आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, वर्तमानपत्र तोंडासमोर. बेल अशी कर्कश की समोरच्या घरातलं तान्हं पोर जागं होऊन रडायला लागलं. दादाने निवांतपणे पान उलटलं.

“नाटकं बघा याची,” धाकटा पुटपुटला. उसनी नेलेली रेकॉर्ड परत करायला आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवणं दादाच्या स्वभावात बसत होतं.

भाजीची पिशवी सावरत वहिनी जिना चढून वर आली. “भावजी, सोडा ती बेल. त्यांना नाही जायची ऐकू. दार ढकला, हल्ली उघडंच ठेवते मी.”

“ऐकू नाही जायची म्हणजे?”

वहिनीने पिशवी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. खरं तर त्याची काही गरज नव्हती. “कुणापाशी बोलू नका. दोन वर्षं होत आली. आधी डावा गेला, मग उजवा. उभा जन्म छापखान्यात यंत्राशेजारी काढला, दुसरं काय होणार? कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं कळतं. कानाला मशीन लावून बघितलं एकदा, तर म्हणाले, गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजते. काढून ठेवलं ते ठेवलंच.”

“पण रविवारी तर आमच्यात बसून सगळं...”

“तोंडं बघून बोलतात. तो रविवार गेला तर त्यांच्याकडे उरतं काय, तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. एकदा कानाच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या त्यांना. एवढं करा.”

“नेतो की,” धाकटा म्हणाला.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. सख्खा भाऊ बहिरा झाला होता.  पण धाकट्याच्या डोक्यात पहिला आला तो ओला कुत्रा.

हा कुत्रा समजायचा तर रविवार समजायला हवा. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर एक खोली होती. तिथे दर रविवारी दुपारी रॉकची वेडी मंडळी जमत. खुद्द डॉक्टर, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, बँकेतल्या बाई, दादा आणि धाकटा. सगळ्यांची पन्नाशी उलटलेली, केस गेलेले किंवा रंगवलेले, आणि आवड मात्र लांब केसांच्या, फाटक्या पँटींतल्या गिटारवाल्यांची. ज्याची पाळी त्याने आपल्या आवडीचा एक जुना अल्बम आणायचा, तो का ऐकावा हे सांगायचं आणि मग वाजवायचा. अल्बमांची खरी नावं कुणी घेत नसे. कव्हरवर जे असेल ते नाव. गाढववाला, जळकी खुर्ची, तीन आज्या. रेकॉर्ड संपली की सगळे आपापलं मत देत, पण ते नुसतं तोंडी लावण्यापुरतं. खरा निकाल दादाचा. दादा ‘ऐकण्यासारखा आहे’ म्हणाला की मास्तर तो अल्बम हुडकायला निघत आणि डॉक्टर पुढचा महिनाभर त्याच्याच गोष्टी सांगत. दादा ‘ठीक’ म्हणाला की संपलं.

आणि दादाचं ते बोट! एखादी सुंदर जागा येणार असली की तो डोळे मिटून, क्षणभर आधी, उजव्या हाताचं बोट वर करायचा. बोट वर गेलं की गिटार आलीच. बाई तर म्हणायच्या, गिटार त्याच्या बोटाला विचारून येते.

धाकट्याला त्या खोलीत नावसुद्धा नव्हतं. ‘दादांचा भाऊ’ हेच त्याचं नाव. नोकरी वजनकाट्यावर. दिवसभर ट्रक काट्यावर चढायचे, तो आकडा सांगायचा, ट्रक उतरायचे. जन्मभर त्याने दादाचे उतरलेले शर्ट घातले, दादाची सायकल चालवली आणि गाण्यातली आवडही दादाचीच उतरलेली वापरली. एकदाच, फक्त एकदाच, त्याला स्वतःचं काही सापडलं होतं. जुन्या सामानाच्या दुकानात, फुटक्या पंख्याखाली. कव्हरवर रस्त्याच्या कडेला बसलेला एक भिजलेला कुत्रा. ना कधी नाव ऐकलेलं, ना दादाकडे असलेलं. त्याने ती रेकॉर्ड घरी लावली आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याला तो पलंगाच्या कडेवर बसून रडला. का रडला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी पाळी आल्यावर त्याने ती नेली.  रेकॉर्ड संपली, सगळे दादाकडे वळले. दादाने कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “कुत्रा तेवढा ओला आहे. बाकी सगळं कोरडं.”

खोली हसून लोळली. त्या दिवसापासून धाकटा जिना चढला की डॉक्टर म्हणत, “आले का ओले कुत्रे?” मास्तर हसत. दादाही हसे.

म्हणजे ऐकलं नव्हतंच! वजनकाट्यावरच्या खुर्चीत बसून धाकटा आठवडाभर हेच घोळवत राहिला. एक अक्षर ऐकलं नव्हतं. कव्हर बघून विनोद केला आणि आपण वर्षभर त्याचा मार खाल्ला. ट्रकवाले आकड्यासाठी थांबून राहिले, त्याचं लक्ष नव्हतं. न जोखता वजन सांगणाऱ्याला काट्यावर नोकरी मिळत नाही, आणि दादाला तिकडे सिंहासन मिळालं होतं.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. दाढ दाखवायला म्हणून तोंड उघडलं आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. “काय सांगता! आणि आम्ही त्याच्या बोटावर नाचतोय?”

“पुढच्या रविवारी त्याचीच पाळी आहे,” धाकटा म्हणाला. “जळकी खुर्ची आणणार आहे.”

पुढचं दोघांना एकमेकांना सांगावं लागलं नाही. मास्तरांनी शाळेच्या अडगळीतून एक रेकॉर्ड आणली. बाईंना कुणी काही सांगितलं नाही. बायका हळव्या असतात, असं डॉक्टर म्हणाले.

रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. नेहमीप्रमाणे रेकॉर्डच्या यंत्राकडे पाठ करून, मंडळींकडे तोंड करून बसला. जळक्या खुर्चीबद्दल तो फार सुंदर बोलला, हे कबूल करायला हवं. “पहिलं गाणं लागलं की वाटेल, यात काय आहे? नुसता ढोल. पण थांबा. हा अल्बम घाई करणाऱ्यांसाठी नाही. गिटार उशिरा येते, घरातला थोरला उशिरा येतो तशी. आणि आली की सगळे सरळ बसतात.”

“लावतो हां, दादा,” डॉक्टर त्याच्यासमोर येऊन, ओठ मोठे हलवत म्हणाले. मग त्याच्या मागे गेले आणि मास्तरांची रेकॉर्ड लावली.

ढोल वाजला. दादाचा तळवा खुर्चीच्या लाकडी हातावर होता. ठोका त्याला तिथून कळत असावा, कारण त्याने मान डोलवली आणि समाधानाने डोळे मिटले.

“सावधान!” रेकॉर्डमधला खणखणीत आवाज म्हणाला. “व्यायाम प्रकार पहिला. हात समोर. एक, दोन, तीन, चार.”

बाईंनी दचकून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. मास्तर रुमाल तोंडात कोंबून बसले होते.

“हात खाली. कमरेवर. वाका.”

दादाचं बोट हळूहळू वर गेलं. चेहऱ्यावर असं सुख की जणू कुणी कपाळावरून हात फिरवतंय. त्याच्या डोक्यात गिटार आली होती. तिच्या वेळेवर आली होती, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. बाहेर मात्र तो इसम म्हणत होता, “उड्या मारा. एक, दोन. एक, दोन.”

पहिला फुटला तो धाकटा. त्याला हसायचंही नव्हतं, पण आतून असं काही उसळून आलं की तो खुर्चीत दुमडला. मग मास्तर, मग डॉक्टर. मास्तर तर उठून उड्या मारायला लागले. फरशी हादरली तेव्हा दादाने डोळे उघडले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. आधी थोडा हसलाही, आपला एखादा विनोद ऐकायचा राहिला असेल अशा समजुतीने. मग त्याचं हसू विरलं. बाई उठल्या, पर्स उचलली, “शरम वाटू द्या जरा,” म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यांचे ओठ दादाने वाचले. तो वळला, सुई बाजूला केली, रेकॉर्ड उचलून चष्म्याजवळ नेली. शालेय कवायत, इयत्ता पाचवी ते सातवी.

“कुणाची कल्पना?” त्याने विचारलं.

 डॉक्टर आणि मास्तर दोघांनीही धाकट्याकडे पाहिलं, आणि तोंडं वाचून जगणाऱ्याला तेवढं पुरे होतं. दादाने जळक्या खुर्चीचं कव्हर काखेत मारलं. जाताना धाकट्यापाशी थांबला.

“चांगलं केलंस,” तो म्हणाला. आवाज फार मोठा झाला होता. बहिऱ्यांचा होतो तसा. इतके दिवस त्याने तो किती सांभाळला असेल, हे तेव्हा कळलं.

दादा पुन्हा आला नाही. बाईही आल्या नाहीत. कानामागून आला अन् तिखट झाला म्हणतात, तसा धाकटा दादाच्या खुर्चीत बसला. आपली पाळी आल्यावर त्याने ओला कुत्रा पुन्हा नेला. या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टर संत्रं सोलत होते, मास्तर मोबाइलवर नातवाचे फोटो सारत होते. दुसऱ्या बाजूचं ते शेवटचं गाणं आलं आणि गेलं.

“मस्त,” डॉक्टर म्हणाले. “छान अल्बम.”

“उत्तम,” मास्तर म्हणाले. “पुढच्या रविवारी कुणाची पाळी?”

धाकट्याने कव्हरमध्ये रेकॉर्ड सारली. त्याला या दोघांचं ‘मस्त’ नको होतं. कधीच नको होतं. जन्मभरात त्याला एकाच माणसाच्या तोंडून ते हवं होतं. ते कळायला त्याला त्या माणसाचं हसं करावं लागलं.

त्याच दिवशी दादाच्या दारात त्याने बेल वाजवली नाही. दार ढकललं तर कडी आतून लागलेली. मग बाहेरची कडी वाजवली. वहिनी दार अडवून उभी राहिली.

“दादाला जरा कानाच्या डॉक्टरकडे न्यावं म्हणून आलो होतो,” धाकटा म्हणाला. काखेतली रेकॉर्ड लपत नव्हती.

“कानाच्या डॉक्टरकडे न्यायला मी तेव्हा सांगितलं होतं, भावजी. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे नेलंत.”

तरी ती बाजूला झाली. दादा तिथेच होता, त्याच खुर्चीत. वाळला होता. भिंतीवरच्या फळ्यांवर रेकॉर्डी होत्या तशाच होत्या, वर एक धुतलेली चादर घडी घालून ठेवली होती. धाकट्याने कव्हर त्याच्यासमोर धरलं. दादाने कुत्र्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कानाशी वाकून धाकटा ओरडला, “दादा, एकदा ऐक. माझ्यासाठी.”

“लाव,” दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

धाकट्याने यंत्रावरची धूळ बाहीने पुसली. रेकॉर्ड बसवली. दुसरी बाजू वर केली. शेवटचं गाणं शोधण्यासाठी तो वाकला, सुई उचलली आणि ती हातात धरून गाण्यांमधल्या रेषा मोजू लागला.

“वा,” दादा मागून म्हणाला. बोट वर होतं, डोळे मिटलेले. “फारच सुंदर आहे रे. तेव्हा माझंच चुकलं.”

धाकट्याच्या हातातली सुई अजून वरच होती.