ठिपक्याकडे पाहणारे आजोबा

प्रयोगशाळेतल्या त्या वृद्ध माकडाला सगळे ‘आजोबा’ म्हणत. पडद्यावरच्या ठिपक्यावर दृष्टी स्थिर ठेवायची आणि बक्षीस म्हणून फळांचा रस प्यायचा, हीच त्याची आयुष्यभराची तपश्चर्या. डोळ्यांपासून मेंदूपर्यंतचा दृष्टीचा मार्ग प्राध्यापकांनी त्याच्याच साहाय्याने शोधला होता. मेल्यावर त्याचा मेंदू प्राध्यापकांना आणि हृदय त्यांच्या सुनेच्या हृद्रोग विभागाला, अशी वाटणी पूर्वीच ठरली होती.

आज सून त्याला कायमचे झोपवण्याचे इंजेक्शन घेऊन आली.

“बाबा, त्याचं हृदय फार सुजलंय. आपोआप मेला तर पेशी खराब होतील. तेलही जाईल, तूपही जाईल, हाती धुपाटणं!”

जिना चढून आलेले प्राध्यापक अजून धापा टाकत होते. “सुजलंय तर माझंही. मग माझा मुहूर्त कधी?”

“काहीतरीच काय बोलता!”

त्यांनी यंत्र बंद केले. ठिपका विझला, तरी आजोबा रिकाम्या पडद्याकडे निष्ठेने पाहत राहिले. माकडाच्या नजरेला नजर भिडवू नये, ते त्याला आव्हान वाटते, असा तिथला नियम. म्हणून ज्या डोळ्यांच्या अभ्यासात जन्म वेचला, त्यांत प्राध्यापकांनी कधी पाहिलेच नव्हते. आजही ते खाली पाहूनच म्हणाले, “पुरे झालं गं. तोही थकला, मीही थकलो. त्याला त्याच्या मरणानं जाऊ दे.”

“आणि माझं काम?”

“जिवंत हृदयावर कर. औषध देऊन बघ.”

सुनेने दीर्घ निःश्वास सोडून इंजेक्शन पेटीत ठेवले.

“बरं. पण सकाळची गोळी दोघांनीही माझ्यासमोर घ्यायची. तो रसातून मुकाट घेईल. लबाडी करता ती तुम्हीच.”