पाठीवरच्या दोन थापा

मी पास झाले. बत्तीसपैकी एकतीस गुण. परीक्षक: माझी आई.

हे अर्थातच घडलेलं नाही. परीक्षकाने जवळच्या नातेवाइकाची चाचणी घेऊ नये असा नियम आहे, आणि सव्वीस वर्षांत आईने एकही नियम मोडलेला नाही. तेव्हा आता न घडलेली गोष्ट सांगते.

आई ड्रायव्हिंगच्या चाचण्या घेते. तिच्याकडे पहिल्या फटक्यात पास झालेली माणसं इतकी कमी, की ती एकमेकांना ओळखतात. बाबांना तिने तीनदा नापास केलं आणि चौथ्या वेळी त्यांच्याशी लग्न केलं. मग ते जवळचे नातेवाईक झाले आणि त्यांचं लायसन्स कायमचं राहूनच गेलं. दुसऱ्या परीक्षकाकडे जायला ते तयार नाहीत. "मी त्यातला नाही," असं ते बसस्टॉपवर उभे राहून ताठ मानेने सांगतात. मी मात्र दुसऱ्या परीक्षकाकडून पास झाले. आई त्या गृहस्थांशी अजून बोलत नाही.

अशा घरात मी साडेसहाशे सीसीची मोटरसायकल आणली. तीन वर्षं कारखान्यात चष्म्याच्या काचा घासून साठवलेल्या पैशांतून. दिसायला शर्यतीची, टोकदार नाकाची, पण स्वभावाने नोकरदार. हँडल इतपत उंच की मनगटं कुरकुरत नाहीत, गुडघे कानाला लागत नाहीत. बाजारातल्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये मान खाली घालून चालते, आणि मोकळा रस्ता दिसला की दोन्ही सिलिंडर एका सुरात म्हणतात, बोला, कुठे जायचं? कारखाना अठरा किलोमीटरवर. बसने दीड तास, हिच्यावर पस्तीस मिनिटं.

आईने तिला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"ही रोज चालवणार तू? ही तर उभी असतानाच वेगमर्यादा मोडतेय."

"आई, ही रोजच्याच वापराची आहे."

"बघू ना. सोमवारी मी मागे बसेन. नापास झालीस तर विकायची."

"आणि पास झाले तर?"

"तसं सहसा होत नाही."

सोमवारी आई फॉर्मचा पुठ्ठा आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेऊन खाली आली. मागची सीट पाहून म्हणाली, "ही सीट आहे की साबणदाणी?"

"बस गं, घट्ट धर."

"उमेदवार, परीक्षकाला अगं-तुगं नको. निघा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चाचणीत 'झटकन थांबा' हे आई तोंडाने सांगत नाही, दोन थापा मारते. कारमध्ये डॅशबोर्डवर, मोटरसायकलवर पाठीवर. आम्हा घरच्यांना ही सवय लहानपणापासून. पाठीवर दोन थापा पडल्या की माणूस असेल तिथे थांबतो. बाबा एकदा गरम सूप घेऊन जिन्याच्या मधोमध थांबले होते. आईला फक्त त्यांच्या शर्टावरचा दोरा झटकायचा होता.

निघालो. बाजार, गतिरोधक, सिग्नल, यू-टर्न. मागे पेन्सिलची कुरकुर अखंड चालू. वेग वाढवला की कुरकुर, कमी केला की जास्त कुरकुर. बसस्टॉपवरून गेलो तेव्हा बाबांनी सवयीने आम्हालाही हात दाखवला.

मग पुलानंतरचा मोकळा रस्ता आला. मी मूठ थोडीशीच पिळली. गाडी अशी निघाली, जणू कपाटाचा खण तेल घातल्यावर सरकावा. लांब वळणावर ती वाकली, मी वाकले, आणि मागे आईही वाकली, जितकं हवं तितकंच. पेन्सिल थांबली होती.

आणि पाठीवर दोन थापा पडल्या.

मी थांबले. दोन्ही ब्रेक एकदम, सरळ रेषेत, न डगमगता. मागून ड्रायव्हिंग स्कूलची शिकाऊ गाडी येत होती, तीही नीट अंतर ठेवून थांबली. आतल्या मुलाने आईला ओळखलं आणि दोन्ही हात वर केले.

"का थांबलात?" आई म्हणाली.

"दोन थापा मारल्यास ना!"

"त्या तसल्या नव्हत्या."

"मग कसल्या?"

आई मैलाच्या दगडाकडे बघत म्हणाली, "शाबासकीच्या."

या घरात तशी थाप कधी कुणाला पडलेलीच नाही. मी ओळखणार कशी?

ती उतरली. टायरच्या खुणेपासून पावलं मोजत गाडीपर्यंत आली. परत गेली, परत मोजली. "अकराच," ती त्या शिकाऊ गाडीवाल्यांना मोठ्याने म्हणाली. त्यांनी काही विचारलं नव्हतं. मग फॉर्मवर लिहिलं: कारण नसताना थांबल्या, एक गुण वजा. बेरीज एकतीस.

शेवटचा रकाना होता, 'उमेदवाराशी नाते'. सव्वीस वर्षं तिथे 'नाही' लिहिणारी पेन्सिल अडली. मग आईने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझी मुलगी', आणि खाली रेघ मारली. एक नाही, दोन.

"नियमाप्रमाणे ही चाचणी रद्द."

"मग गाडी विकायची?"

"जी परीक्षा झालीच नाही, तिच्यात नापास कशी होशील? चल गं, उशीर होतोय."

फॉर्म मात्र तिने फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला. आता ती रोज माझ्या मागे बसते. स्वतःचं हेल्मेट घेतलंय. हात मात्र मागच्या कडीला घट्ट धरलेले. जवळच्या नातेवाइकांचे अर्ज ती स्वीकारत नाही, हे माहीत असूनही खालील अर्ज मी फ्रिजवर लावला आहे.

प्रति, मा. परीक्षक.
विषय: दोन थापा पुन्हा मिळण्याबाबत.
महोदया, सविनय विनंती की न झालेल्या चाचणीत न पडलेल्या दोन थापा अर्जदारास पुलानंतरच्या मोकळ्या रस्त्यावर, गाडी चालू असताना, पुनश्च देण्यात याव्यात. या वेळी अर्जदार थांबणार नाही.
सोबत: पाठ, एक.