रुमालाखालचं कडं

गुरुवारच्या बाजारादिवशी रेणापूरच्या शाळेचं मैदान इतकं भरलं, की खो-खोचे दोन्ही खांब दिसेनासे झाले. पाण्याला निघालेल्या बाया रिकाम्या घागरी काखेत धरून तशाच थांबल्या. टँकर काय, यायचा तेव्हा येईल. पांढऱ्या बुटातला माणूस दोन बोटांनी माणसं पाडतो आणि तांब्याच्या कड्यानं उभी करतो, हे रोज थोडंच बघायला मिळतं!

माणसाचं नाव भुजंगराव. गळ्यात शिट्टी, शेजारी खुर्चीवर काचेत मढवलेला इंग्रजी कागद, कागदावर निळा शिक्का.

"मंडळी, लातूर नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी हाडं लागतात. दुष्काळानं तुमच्या रक्तातलं लोह झोपलंय. तांबं त्याला हाक मारतं. हे मी नाही, शास्त्र म्हणतं. हैदराबादच्या क्रीडावैद्यक आणि व्यायामशास्त्र संघाचा मी सभासद आहे. हा बघा शिक्का."

शिक्का बघायला पुढची रांग वाकली. इंग्रजी वाचायची कुणाची तयारी नव्हती. जिल्हा झाल्यापासून गावात रोज नवी पाटी, नवी समिती, नवा अध्यक्ष. शिक्का असला की माणूस खरा, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं.

भुजंगरावांनी नववीतल्या नागम्माला पुढं बोलावलं. "पाय जुळव. उजवा हात आडवा धर." मनगटावर दोन बोटं टेकली आणि नागम्मा तोल जाऊन कोलमडली. मग त्याच मनगटात कडं घातलं. पुन्हा दोन बोटं. नागम्मा हलली नाही. भुजंगरावांनी दात आवळून, मान फुगवून दाबलं, तरी नाही.

"गुडघा कसा वाटतो?"

"हलका वाटून राहिलाय," नागम्मा म्हणाली आणि त्याच पायावर खांबापर्यंत पळून आली. टाळ्या पडल्या. कडी हातोहात खपली, नागम्माच्या मनगटातलंही तिथंच राहिलं.

दानम्माने टाळी वाजवली नाही. ती नागम्माच्याच वर्गातली, संघातही तिच्या मागचाच नंबर. तो गुडघा तिने जवळून पाहिला होता. आठवड्यापूर्वी खांबाला वळताना, खापरासारख्या तापलेल्या जमिनीत पाय अडकून तो पिळला होता आणि अजून पेरूएवढा सुजलेला होता. शाळेत खो-खो शिकवणाऱ्या मल्लिकार्जुन सरांनी बजावलं होतं, पळायचं नाही, लातूरला दाखवून ये. पण अडीच आठवड्यांनी लातूर जिल्ह्याच्या मुलींच्या पहिल्या संघाची निवड होती. आधी निवड उस्मानाबादला व्हायची आणि रेणापूरच्या पोरींना तिथं कुणी हिंग लावून विचारायचं नाही. आता एसटीनं तासाभरात मैदान. अशा वेळी नागम्मा घरी बसेल कशी? आणि त्या गुडघ्यावर पळाली, तर पुढं पळणार तरी किती दिवस?

गर्दी पांगताना दानम्मा खुर्चीजवळ गेली. कागदाच्या तळाशी संघाचा पत्ता होता, तो तिने हातावर उतरवून घेतला. संध्याकाळी सरांनी इंग्रजी सांगितलं, तिने पत्र लिहिलं. भुजंगराव डॉक्टर आहेत का, कडं खरं आहे का, सुजलेल्या गुडघ्याचं काय करावं. तीनच प्रश्न.

उत्तराची वाट बघण्यात दिवस चालले होते तसेच चालले. पहाटे रेणा नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यावर रांग, मग शाळा, मग परत रांग. एका सकाळी दानम्मा भरलेली कळशी लांब हात करून वर शेजारच्या चतुराबाईला देत होती आणि धाडकन तोंडावर पडायची राहिली. कळशी अंगाशी ओढली तशी सावरली. ती तशीच उभी राहिली. हात तोच, वजन तेच. बाहेर गेलं तर माणूस पडतो, अंगाकडं आलं तर उभा राहतो.

"चतुरामावशी, जरा पाय जुळवा. हात आडवा धरा."

"खुळी झालीस का गं? पानी सांडंल."

तिने मनगट खाली दाबलं, पण किंचित बाहेरच्या बाजूला. चतुराबाई वाळूत बसली. दुसऱ्यांदा दाबलं ते किंचित खांद्याकडं. चतुराबाई ताठ.

"अगं, पन कडं कुठंय?"

"कुठंच न्हाई."

चतुराबाई आपल्या मोकळ्या मनगटाकडं बघत राहिली. "मेल्यानं आमाला उभ्या उभ्या बनिवलं की."

दानम्मा तशीच नागम्माच्या घरी गेली. सगळं सांगितलं. नागम्माने कड्यावर हात ठेवला.

"तुला माझी जागा पायजे, दाने. मी बसले की तूच पळनार."

हे खोटं होतं, आणि अगदीच खोटंही नव्हतं. दानम्माला ती जागा हवीच होती, फक्त अशी नको होती.

नागम्माचे वडील मलप्पा खडी फोडून नुकतेच आले होते. "जाऊ दे की पोरी," ते भिंतीला टेकून म्हणाले. "नदी आटली, हीर आटली. घरात एक तरी गोष्ट बरी होऊन राहिली असं वाटू दे."

त्यांच्या आवाजात राग असता तर ती भांडली असती. तिथं नुसता थकवा होता. ती परत आली.

दहाव्या दिवशी संघाचं उत्तर आलं. सरांनी अर्थ सांगितला. भुजंगराव सहयोगी सभासद आहेत, आणि सहयोगी सभासद कुणीही होऊ शकतो. अर्ज भरला की संघाचं त्रैमासिक घरी येतं, ती काही पदवी नव्हे. असं कुठलंही कडं संघाने तपासलेलं नाही. गुडघा न बघता आम्ही उपाय सांगणार नाही, हाडांच्या डॉक्टरला दाखवा, तोवर पळू नका. शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं होतं, की आमच्याकडे उपाय तपासतात तो झाकून. खरा कुठला आणि नकली कुठला, हे देणाऱ्यालाही कळू देत नाहीत आणि घेणाऱ्यालाही.

"झाकून," दानम्मा म्हणाली. "सर, तुमच्याकडं लोखंडी तार हाय का?"

पुढच्या गुरुवारी भुजंगराव बाजाराला आले, तेव्हा आठ मुली मैदानात ओळीनं उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या मनगटाला रुमाल. सरांनी गावातल्यांनी विकत घेतलेली चार तांब्याची कडी आणि तेवढ्याच जाडीची तारेची चार वळी एकसारख्या चिंधीत गुंडाळून, स्वतःच बांधली होती. कुणाला काय, ते फक्त त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर. ते लिंबाखाली सगळ्यांकडं पाठ करून उभे राहिले.

"भुजंगराव, तांबं कुणाकुणाच्या हातात हाय ते ढकलून सांगा," दानम्मा म्हणाली.

"शक्तीची चेष्टा बरी नव्हे."

"चेष्टा कुठली?" चतुराबाई गर्दीतून म्हणाली. "पोरी उनात हुब्या हायत. ढकला की जल्दी."

ढकलावंच लागलं. तीन पडल्या, पाच उभ्या राहिल्या. सरांनी चिठ्ठी वाचली. पडलेल्या तिघींपैकी दोघींच्या हातात खरं तांबं होतं. उभ्या पाचजणींपैकी तिघींच्या हातात शाळेच्या कुंपणाची तार.

"संशय असला की तांबं काम करत नाही," भुजंगराव काचेतला कागद पिशवीत घालत म्हणाले.

"तांब्याला संशय बी कळतो व्हय?" चतुराबाईने विचारलं. "मग नदीला पानी कधी यील, तेबी इचारा त्येला."

लोक हसले. हसणंही दमलेलंच होतं. मग दानम्माने ढकलायची युक्ती सगळ्यांना दाखवली. पोरं एकमेकांना पाडायला लागली, तेवढ्यात पांढरे बूट वेशीकडं निघून गेले.

नागम्मा हसली नव्हती. ती पुढं आली आणि हात आडवा धरला. "मला ढकल. कडं असू दे." दानम्माने बाहेर दाबलं. नागम्मा कडं घालून पडली. उठली, कडं काढलं, परत हात धरला. दानम्माने आत दाबलं. ती उभी राहिली.

"म्हंजे त्या दिवशी मला ताकद आल्याली, ती खोटीच?"

"ताकद खरी हाय. पन सूज बी खरीच हाय, नागे."

नागम्मा लिंबाखाली जाऊन बराच वेळ रडली. दानम्मा तिच्याशेजारी जाऊन बसली.

निवडीच्या दिवशी, रविवारी, एकाच एसटीनं सगळे लातूरला गेले. मैदानावर दानम्मा उतरली, नागम्मा आणि मलप्पा पुढं सरकारी दवाखान्यात. दानम्मा पळाली, तिसऱ्याच मिनिटाला बाद झाली. निवड झाली नाही. परतीच्या गाडीत नागम्माचा पाय पट्टीत होता.

"तीन मिंटांसाठी माझी जागा घेतलीस व्हय गं?" नागम्मा म्हणाली. "डॉक्टर म्हनले, आतला बंध तानलाय, तुटला न्हाई. आज पळाले असते तर तुटला असता. तीन महिने बसायचं."

"आन् अप्पा काय म्हनले?"

"अप्पांनी डॉक्टरला इचारलं, ही पट्टी कशी काय काम करती." नागम्मा वडिलांकडं बघून हसली. मलप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. "मला वाटलं डॉक्टर वरडतंय आता. तर त्यानं कागद घेऊन गुडघ्याचं चित्र काढलं. दोनदा समजावलं. अप्पांनी तिसऱ्यांदा इचारलं, तर तिसऱ्यांदा सांगितलं."

दमलेल्या माणसाला प्रश्न विचारायचाही कंटाळा येतो, हे खरं आहे. तरी विचारावं. शिक्का कुणी दिला, कशासाठी दिला, आणि झाकून तपासलं तर काय उरतं, एवढं तरी विचारावं. ज्याला खरंच माहीत असतं, तो चित्र काढून दाखवतो. मलप्पांच्या खिशात तो कागद घडी करून ठेवला होता, आणि घरी गेल्यावर त्यातलं चित्र ते बायकोला समजावून सांगणार होते.